शेवरलेचे दोन निरोप

पुण्याजवळच्या तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये अखेरची मोटार बाहेर पडली आणि महाराष्ट्रातील ‘शेवरले’ या अमेरिकी मोटारीच्या इतिहासाचा दुसरा अध्याय संपला. दुसरा म्हणावयाचे कारण असे की, पहिला अध्याय १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुरू होऊन १९५४ साली संपला होता. एकच कंपनी, एकच नाममुद्रा, एकच राज्य आणि दोन वेळा आगमन, दोन वेळा प्रस्थान. मात्र पहिल्या वेळी ‘आमच्या अटी मान्य असतील तर राहा’ असे आपण सांगितले होते आणि दुसऱ्या वेळी ‘आम्ही निघालो’ असे त्यांनी आपल्याला सांगितले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या फरकात जेवढे शिकण्यासारखे आहे, तेवढेच ते सामान्य नागरिकालाही आहे.

मोटारीच्या धंद्याशी रत्नागिरीच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. आपल्या तांत्रिक विद्यालयांतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणारी मुले आज मुंबईच्या गिरण्यांकडे जात नाहीत. ती चाकण, तळेगाव, रांजणगावची वाट धरतात. तेथील कारखाना बंद पडला तर त्याचा हिशेब कोकणातल्या घरांतही मांडावा लागतो. दुसरे असे की, बड्या अमेरिकी नावाने दिपून जाण्याचा आणि नंतर हात चोळत बसण्याचा अनुभव या जिल्ह्याने गुहागर तालुक्यात एन्रॉनच्या रूपाने घेतलेला आहे. दाभोळच्या त्या प्रकल्पाची पहिली वीज १९९९ साली आली, २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प थंडावला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनचेच दिवाळे वाजले. तेव्हा परक्या नावांचा उदयास्त हा आपल्याला केवळ पुस्तकातून शिकावयाचा विषय नाही.

शेवरलेचा जन्म १९११ सालचा. लुई शेवरले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, शर्यतीच्या मोटारी हाकण्यात नाव कमावलेला गृहस्थ आणि विल्यम ड्युरंट हा धाडसी अमेरिकी व्यवसायिक, या दोघांनी मिळून ही कंपनी काढली. थोड्याच वर्षांत दोघांचे बिनसले व लुई बाहेर पडला. त्याचे नाव मात्र कंपनीतच राहिले आणि त्या नावावर पुढे जी अफाट संपत्ती निर्माण झाली तीत त्याचा वाटा उरला नाही. नाव एका माणसाचे आणि नफा दुसऱ्याचा, हे या नाममुद्रेच्या कुंडलीतच लिहिलेले होते म्हणावयाचे! १९१८ साली शेवरले जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. आल्फ्रेड स्लोन याच्या कारकीर्दीत त्या कंपनीने प्रत्येक ऐपतीच्या माणसासाठी वेगळी मोटार काढण्याचे धोरण आखले आणि त्या शिडीची पहिली पायरी म्हणून शेवरलेची योजना केली. १९२७ साली तिने फोर्डला विक्रीत मागे टाकले. पुढे १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींपैकी जवळजवळ एक जनरल मोटर्सची असे.

या भरभराटीच्या दिवसांतच कंपनी मुंबईत आली. १९२८ च्या अखेरीस शिवडीच्या कारखान्यात मोटारींची जुळणी सुरू झाली. ‘जुळणी’ हा शब्द येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. इंजिन, सांगाडा, चाके असे सर्व सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे यावयाचे आणि येथे ते एकमेकांना जोडावयाचे, एवढेच काम. येथील मजुरी स्वस्त होती, तयार मोटारीपेक्षा सुटे भाग आणणे किफायतीचे होते आणि पाश्चात्त्य मोटारींना हिंदुस्थानात गिऱ्हाईक मिळत होते. महायुद्धाच्या काळात लष्करी वाहनांच्या मागणीने या कारखान्याला काम मिळाले. राज्यात सार्वजनिक प्रवासी वाहतुकीची घडी बसली तेव्हाही या वाहनांचा त्यात वाटा होता. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर धावलेली एसटीची पहिली गाडी बेडफर्डची, म्हणजे जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेची होती आणि एसटीच्या आरंभीच्या ताफ्यात शेवरलेच्या गाड्याही होत्या. आपल्या आजोबा-पणजोबांना घाटरस्त्यांची ओळख झाली ती अशा परदेशी सांगाड्यांवर बसविलेल्या लाकडी खोक्यांतून.

त्याच काळात जुळणीच्या पलीकडे पाहणारी माणसेही देशात होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटारीच्या संपूर्ण देशी कारखान्याची योजना १९३५ च्या सुमारास तयार केली आणि शेठ वालचंद हिराचंद यांनी तिचा ध्यास घेतला. सोलापूरच्या या उद्योगपतीने अमेरिकी कंपन्यांशी बोलणी केली आणि अखेर १९४० साली क्रायस्लरशी सहकार्याचा करार जमवून आणला. परकीय सरकार या उद्योगाला अनुकूल नव्हते. त्यामुळे प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना होण्यास १९४४ साल उजाडले आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडण्यास १९४७. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही अमेरिकी नावे तेथेही होतीच; परंतु कालांतराने सर्व भाग येथेच घडवावयाचे, असा संकल्प त्या नावांमागे होता.

स्वतंत्र भारताच्या सरकारने हाच संकल्प धोरण म्हणून स्वीकारला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर १९५३ साली असे ठरले की, सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथे बनविण्याचा कार्यक्रम जे हाती घेतील त्यांनीच मोटारधंद्यात राहावे. नुसत्या जुळणीला यापुढे जागा नाही. जनरल मोटर्सला ही अट परवडण्यासारखी वाटली नाही. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. हा शेवरलेचा पहिला निरोप. देशाने विचारपूर्वक एक अट घातली, ती जाहीर सांगितली, आणि ज्यांना ती मान्य नव्हती ते गेले.

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. परक्या नावाला निरोप दिला म्हणजे स्वदेशी उद्योग आपोआप सुदृढ होतो, असा समज तेव्हा अनेकांचा होता आणि अनुभवाने तो खोटा ठरला. कुर्ल्याच्या कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडला. फियाट ११०० ही मोटार पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती महानगराच्या जीवनात मिसळून गेली. परंतु तिचा मूळ आराखडा दशकानुदशके जवळजवळ तोच राहिला. गिऱ्हाईक रांगेत उभे होते, प्रतिस्पर्धी नावापुरते होते, मग सुधारणेची निकड कोणाला वाटावी? मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची ती टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस इतिहासजमा झाली. लहान उद्योगाला संरक्षण द्यावे, हे अर्थशास्त्राचे जुने सूत्र आहे. त्या सूत्राचा उत्तरार्ध असा की, मूल चालू लागले की पांगुळगाडा काढून घ्यावा. आपण पूर्वार्ध पाळला आणि उत्तरार्ध विसरलो.

तिसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि तो महाराष्ट्रानेच जवळून पाहिला आहे. टेल्को या कंपनीने १९५४ साली, म्हणजे शिवडीचा कारखाना बंद झाला त्याच वर्षी, जर्मनीच्या डेमलर-बेंझशी मालमोटारी बनविण्याचा करार केला. करार १५ वर्षांचा होता. १९६९ साली तो संपला, गाडीच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा उतरला आणि कारखाना स्वतःच्या नावाने निर्वेधपणे चालू राहिला. याचे श्रेय त्या १५ वर्षांत जे शिकून घेतले त्याला आहे. सुमंत मूळगावकर यांनी पिंपरीचा कारखाना उभारताना हत्यारे आणि साचे घडविणाऱ्या कारागिरांच्या प्रशिक्षणाला जे प्राधान्य दिले, त्यातून पुणे परिसराला कुशल हातांची पिढी मिळाली. नाव उसने घेण्यात कमीपणा नाही. नाव परत करावयाच्या दिवशी आपल्या हातात काय उरेल, याचा विचार मात्र पहिल्या दिवशी करावा लागतो.

शेवरलेच्या दुसऱ्या आगमनाच्या वेळी हा विचार झाला नाही. आर्थिक उदारीकरणानंतर जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली ती गुजरातमधील हालोल येथे, ओपेल या जर्मन नाममुद्रेसह. २००३ साली शेवरलेचे नाव पुढे करण्यात आले. पाठोपाठ तवेरा, स्पार्क, बीट या गाड्या आल्या. पैकी तवेरा कोकणाच्या चांगल्या परिचयाची. गणपतीला मुंबईहून येणारी कितीतरी कुटुंबे सामानसुमानासह तिच्यात सामावली आहेत. २००८ साली तळेगावचा कारखाना सुरू झाला. त्याची आरंभीची क्षमता वर्षाला १ लाख ४० हजार मोटारींची होती. अमेरिकेतील सर्वांत मोठी मोटार कंपनी मावळात आली, याचे स्वागत सर्वच पक्षांनी केले.

पण या गाड्यांत अमेरिकेचे काय होते? तवेरा ही मुळात जपानच्या इसुझू कंपनीच्या गाडीची आवृत्ती. स्पार्क ही कोरियाच्या देवू कंपनीची मातीझ. जनरल मोटर्सने देवू विकत घेतल्यावर तिला नवे नाव मिळाले. बीटचा आराखडा कोरियातला, तर नंतर आलेली सेल ही चीनमधल्या भागीदारीतून जन्मलेली. अमेरिकेचा होता तो फक्त पुढच्या जाळीवरचा सोनेरी पट्टा! जगभरच्या धंद्यात याला कोणी दोष देणार नाही. परंतु ज्या गाडीचा आराखडा, इंजिन आणि निर्णय या तिन्ही गोष्टी तीन परक्या देशांत ठरतात, तिच्यापासून येथील अभियंत्याला शिकावयास थोडेच मिळते. त्यातच २०१३ साली प्रदूषण-चाचणीतील गैरप्रकार उघडकीस येऊन १ लाखाहून अधिक तवेरा परत बोलवाव्या लागल्या. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच नाममुद्रेचे खरे भांडवल आणि तेच गंजू लागले.

मूळ घरी तर परिस्थिती त्याहून बिकट होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी गिऱ्हाईक काटकसरी जपानी मोटारींकडे वळले. जनरल मोटर्सला आपल्या आकाराचाच भार होऊ लागला आणि १ जून २००९ रोजी या बलाढ्य कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्या वेळी अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घालून तिला वाचविले. बाजाराच्या न्यायावर सोडून द्या, असा उपदेश इतरांना करणाऱ्या देशाने आपल्या घरच्या कामगारांवर वेळ आली तेव्हा असे वागावे, याबद्दल त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. उलट ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या सरकारने पैसे दिले तेव्हा बदल्यात कंपनीचे भाग घेतले, व्यवस्थापन बदलावयास लावले आणि पुनर्रचनेच्या कठोर अटी घातल्या.

सावरलेल्या कंपनीने मग जगभरचा पसारा आवरण्यास सुरुवात केली. जेथे नफा नाही तेथे राहावयाचे नाही, असे सूत्र ठरले. २०१५ च्या अखेरीस पश्चिम युरोपातून शेवरलेने पाय काढला. त्याच वर्षीच्या जुलैत भारतात मात्र १ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि नव्या गाड्या यांची घोषणा झाली. या घोषणेला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच मे २०१७ मध्ये दुसरी घोषणा आली: वर्षअखेरपासून भारतात शेवरले विकली जाणार नाही. २०१६-१७ या वर्षात कंपनीच्या अवघ्या २५,८२३ गाड्या येथे खपल्या होत्या. बाजारातील तिचा वाटा १ टक्क्याच्याही खाली गेला होता. त्याच वर्षी निर्यात मात्र जवळजवळ दुप्पट होऊन ७०,९६९ वर पोहोचली होती. म्हणजे तळेगावच्या कामगाराने घडविलेली गाडी मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील गिऱ्हाइकाला चालत होती. कामगाराच्या हाताला दोष नव्हता, हे सिद्ध करावयास याहून वेगळा पुरावा नको.

निर्यातीच्या आधारावर कारखाना आणखी तीन वर्षे चालला. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल कंपनीस विकण्याचे ठरले. चिनी भांडवलावर निर्बंध आले, जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले आणि तो व्यवहार २०२२ साली बारगळला. दरम्यान उत्पादन थांबलेले, करोनाची साथ चालू, अशा स्थितीत एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. त्यांची संघटना न्यायालयात गेली. काहींनी भरपाई घेऊन नोकरी सोडली. काहींनी, नव्या मालकाने आम्हाला कामावर घ्यावे, अशी मागणी लावून धरली. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ साली तेथून पुन्हा वाहने बाहेर पडू लागली.

यावर एक युक्तिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कारखाना शेवटी पडीक राहिला नाही. अकार्यक्षम मालक गेला, कार्यक्षम मालक आला. नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या. भांडवलाला जाण्याची मोकळीक नसेल तर ते येणारच नाही. बंदीसाठी सरकारी परवानगीची अट घालणाऱ्या कायद्यामुळे उलट आजारी कारखाने वर्षानुवर्षे कुजत पडतात, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखविले आहे. या सर्व म्हणण्यात तथ्य आहे. जाणाऱ्याला साखळदंडाने बांधून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

परंतु तळेगावच्या व्यवहाराचा ताळेबंद बारकाईने पाहावा. जमिनीचे हक्क हस्तांतरित झाले, इमारती हस्तांतरित झाल्या, यंत्रसामग्री हस्तांतरित झाली. या प्रत्येक वस्तूला किंमत आली. ज्याला हस्तांतराचा हक्क नव्हता असा उत्पादनाचा घटक एकच, तो म्हणजे तेथे दहा-बारा वर्षे काम करून तरबेज झालेला माणूस. यंत्राला घसारा मिळतो, माणसाच्या उमेदीच्या वर्षांना मिळत नाही. चाळिशीला टेकलेला, घराचे हप्ते फेडणारा, एकाच जातीच्या कामात मुरलेला कामगार पुन्हा उमेदवारांच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा ‘बाजार पूर्ववत झाला’ हे वाक्य आकडेवारीपुरतेच खरे असते. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने बंदीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. म्हणजे मोठ्या कारखान्याभोवती वाढणारे, सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने त्या नियमाच्या बाहेर गेले आहेत. जाण्याची वाट रुंद झाली आहे; तेव्हा येण्याच्या वेळच्या अटी अधिक विचाराने घालणे आता अधिकच आवश्यक झाले आहे.

त्या अटी कोणत्या असाव्यात? पहिली, विशाल प्रकल्पांना राज्य सरकार करात, शुल्कात आणि जमिनीत ज्या सवलती देते त्यांचा काही भाग कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी राखीव निधी म्हणून कंपनीकडून पहिल्या वर्षापासून जमा करून घ्यावा. दिवाळे निघाल्यावर किंवा मन उडाल्यावर मागितलेला पैसा मिळत नाही. दुसरी, औद्योगिक जमिनीचा भाडेपट्टा नव्या कंपनीच्या नावे होताना जुन्या कामगारांचा प्रथम विचार व्हावा, असे कलम पट्ट्यातच असावे. नोकरीची हमी देणे शक्य नसेल, पण प्राधान्य देणे निश्चित शक्य आहे. तिसरी, सवलतींचे मोजमाप गुंतवणुकीच्या कोटींवर न करता येथे किती आराखडे झाले, किती साचे घडले, किती उमेदवार शिकून बाहेर पडले यावर करावे. सामंजस्य करारांचे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर शोभतात. कसब मात्र त्या माणसाबरोबर राहते, मालक कोणीही असो.

रत्नागिरीच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही यातून आपल्यापुरता बोध घ्यावा. कोणत्या बड्या कंपनीत लागला, यावरून मुलाची हुशारी मोजण्याची आपली सवय जुनी आहे. जनरल मोटर्सहून बडे नाव एके काळी जगात नव्हते. ज्याला एकाच नाममुद्रेच्या एकाच यंत्रावरचे काम येते त्याचे भवितव्य त्या नाममुद्रेबरोबर बांधलेले असते. ज्याला गणित, रेखन आणि धातूचा स्वभाव कळतो तो मालक बदलला तरी निराधार होत नाही. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम, तेथील जुनाट यंत्रे आणि रिकाम्या शिक्षकांच्या जागा यांकडे समाजाने या दृष्टीने पाहावे.

१९५३ साली आपण अट घातली, पण त्या अटीतून वाढलेल्या उद्योगाला पुढे शिकते ठेवले नाही. २००८ साली आपण स्वागत केले, पण अट घातली नाही. दोन्ही वेळा चूक निरनिराळी होती. दोन्ही वेळा किंमत मोजली ती काम करणाऱ्यांनीच. उद्या तिसरे एखादे चकचकीत नाव दारात उभे राहील, कदाचित आपल्याच जिल्ह्याच्या. त्याला पाट जरूर द्यावा. पण तो जाईल तेव्हा घरात काय उरेल, हे पाट मांडण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.